गावात सभा घ्यायला पोलिसांची परवानगी लागते का, आणि ग्रामसभेत पोलीस काय करू शकतात?

प्रश्न असा आलाय. डिचोली तालुक्यातलं गाव, डोंगर कापून मोठा गृहप्रकल्प येणार म्हणून काही जणांनी रविवारी संध्याकाळी वाड्यावरच्या मोकळ्या जागेत सभा ठेवली, वॉट्सॲपवर मेसेज फिरला आणि शनिवारी पोलीस स्टेशनातनं फोन आला, "परवानगी खंय आसा? जमावबंदी आसा, पांच जाण एकठांय जाल्यार केस घालतलों." घाबरून सभा रद्द. पुढे ग्रामसभा झाली तर हॉलच्या आत पोलीस उभे, एक शिपाई मोबाईलवर शूटिंग करतोय, आणि एका गृहस्थाने आवाज चढवला तर त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. आता दोघांना डेप्युटी कलेक्टरच्या ऑफिसातनं नोटीस आलीय. विचारणं असं की यातलं कायदेशीर किती, आणि पुढची सभा घ्यायची तर कशी.

मी गोव्यात वकिली करतो, तालुक्याच्या कोर्टात पण आणि पर्वरीला हायकोर्टात पण, आणि अशी माणसं ऑफिसात येतात तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी पहिली अडचण एकच असते की हातात कागद काहीच नसतो. फोन आला, साहेब आले, सांगून गेले. म्हणून आधी हेच सांगतो: पोलिसांना सभा कुठून कशी चालेल, रस्ता मोकळा राहील का, स्पीकर किती वाजता बंद होईल हे सांगायचा अधिकार आहे, सभेत कुठला विषय काढायचा ते ठरवायचा अधिकार नाही. सभाच नको असं म्हणायचं असेल तर ते लेखी, कारण देऊन, आणि ज्याला तो अधिकार आहे त्याच्या सहीने आलं पाहिजे. फोनवरचा "नाही" हा कायद्याने नकार नव्हेच.

घटनेच्या कलम १९(१)(बी) मध्ये शांततेने आणि शस्त्राशिवाय जमायचा हक्क दिलाय. त्यावर बंधन घालायची कारणं १९(३) मध्ये आहेत, देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, आणि सार्वजनिक सुव्यवस्था. बस्स. "वरून प्रेशर आहे", "आमदारांना आवडणार नाही", "बिल्डरने तक्रार दिलीय" ही कारणं त्यात कुठेच नाहीत.

आता गोव्यापुरती एक गोष्ट जी फार लोक चुकवतात, पोलीससुद्धा. मराठी पेपर आणि मराठी व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक महाराष्ट्रातले, आणि त्यात सारखं येतं कलम ३७, मनाई आदेश वगैरे. ते महाराष्ट्र पोलीस कायद्यातलं, १९५१ चा तो कायदा. गोव्यात पोलिसांचा कायदा आहे तो १८६१ चा, ब्रिटिशांनी उठावानंतर केलेला, आणि गंमत म्हणजे तेव्हा इथे ब्रिटिश नव्हतेच, तो आपल्याकडे आला मुक्तीनंतर. त्याच्या कलम ३० मध्ये पोलीस अधीक्षकांना सार्वजनिक रस्त्यावरच्या सभा आणि मिरवणुका यांचं नियमन करता येतं, मार्ग आणि वेळ ठरवता येते. आणि एखादा जमाव आवरला नाही तर शांतताभंग होईल असं मॅजिस्ट्रेटचं मत असेल तर नोटीस काढून लायसन घ्यायला सांगता येतं. बारकाईने वाचा, रस्ता, मार्ग, हमरस्ता असंच आहे तिथे. तुमच्या भाटातल्या (बागायतीतल्या) अंगणात, क्लबच्या हॉलमध्ये, कुणाच्या खाजगी प्लॉटवर सभा असेल तर हे कलम तिथे पोचतच नाही. आणि रस्त्यावर असली तरी नोटीस निघालीय का हा प्रश्न आधी येतो, प्रत्येक सभेला आपोआप लायसन लागतं असं त्यात लिहिलेलं नाही.

रस्त्यावरच्या सभेबद्दल सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल म्हणजे हिमतलाल शहा विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद, १९७२ चा, पाच न्यायाधीशांचं खंडपीठ. अहमदाबादमध्ये पोलिसांनी रस्त्यावर सभेला परवानगी नाकारली होती, आणि नियम असा होता की आयुक्ताला वाटलं तर द्यावी नाही वाटलं तर देऊ नये, निकष काहीच नाही. कोर्टाने तो नियमच उडवला. म्हटलं की सरकार नियमन करू शकतं पण सार्वजनिक रस्त्यावर सभाच नको असं करू शकत नाही, आणि मनमानी नकाराचा अधिकार अधिकाऱ्याच्या हातात देता येत नाही. पन्नास वर्षं झाली तरी हा निकाल चांगला कायदा आहे, अर्ज करताना त्याचं नाव खाली एका ओळीत घालून ठेवा, पीआयच्या टेबलावर त्याचा परिणाम होतो असा माझा अनुभव आहे.

तुमच्या केसमध्ये वाड्यावरची मोकळी जागा म्हटलंय. ती कुणाची आहे? हे आधी बघा. एक-चौदाचा उतारा (जमीन कुणाच्या नावावर ते दाखवणारा) काढा. पंचायतीची असेल तर पंचायतीकडे जागेसाठी अर्ज, कोमुनिदादची (गावकरी संस्थेची) असेल तर कोमुनिदादकडे, खाजगी असेल तर मालकाची चार ओळींची संमती. ही जागेची परवानगी, पोलिसांची नव्हे, दोन्हीची गल्लत होते आणि पोलीस नेमकं तिथेच पकडतात, "जागेचो एनओसी ना" म्हणून.

आणि देवळाच्या सभामंडपात घेऊया असं कुणी सुचवलं तर जरा थांबा. आपल्याकडे गावची बैठक म्हटली की देऊळच आठवतं, पिढ्यान् पिढ्या तसंच चाललंय, पण १९८८ चा एक केंद्रीय कायदा आहे, धार्मिक संस्थांच्या गैरवापराला आळा घालणारा, त्यात धार्मिक जागेचा राजकीय कामासाठी वापर करायला बंदी आहे आणि राजकीय म्हणजे नुसतं पक्षाचंच नव्हे, राजकीय स्वरूपाचा कुठलाही प्रश्न त्यात ओढता येतो. अडचणीत तुम्ही एकटे येणार नाही, देवस्थान समितीचे लोकही येतील, आणि गावात महाजनांमध्ये (देवळाच्या सभासदांमध्ये) दोन गट असले (कुठे नसतात?) तर तक्रार ठेवलेलीच. चर्च, चॅपल, मशीद सगळ्यांना तेच लागू. सरळ दुसरी जागा बघा.

आता जमावबंदी. जुनं १४४, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. लोकांच्या आणि पोलिसांच्याही तोंडात अजून १४४ च आहे, त्यात काही बिघडत नाही, पण लेखी आदेशात कुठलं कलम घातलंय ते बघा. हा आदेश काढतो तो जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टर, उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे डेप्युटी कलेक्टर, किंवा सरकारने खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी. पोलीस इन्स्पेक्टर काढू शकत नाही. हवालदार तर नाहीच नाही. गोव्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे मुंबई-पुण्यासारखं पोलिसांनीच आदेश काढला असं इथे होत नाही. तेव्हा कुणी जमावबंदी म्हणाला की शांतपणे विचारायचं, "साहेब आदेशाची कॉपी मिळेल का, तारीख कुठली, कुठल्या हद्दीपुरता?" नव्वद टक्के वेळा, म्हणजे आकडा असा मोजलेला नाही पण अंदाजाने सांगतो, पुढे शांतताच असते, कारण आदेश दुसऱ्याच जागेचा असतो. पर्वरीला विधानसभेचं अधिवेशन असलं की संकुलाच्या आसपास जमावबंदी लावतात, तो आदेश डिचोलीच्या वाड्याला लागू होत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर गोव्यात साठ दिवसांचा आदेश निघाला होता दहशतवादी हल्ल्याच्या शक्यतेचं कारण देऊन, तेव्हाही लोकांना नेमकं काय करता येत नाही तेच कळत नव्हतं, आणि अशा वेळी आदेश मुळातून वाचणं हा एकच उपाय.

आदेश खरंच असला तरी त्याला मर्यादा आहेत. दंडाधिकाऱ्याचा आदेश दोन महिन्यांवर चालत नाही, त्यापुढे राज्य सरकारला वाढवावा लागतो आणि तोही आणखी सहा महिन्यांच्या वर नाही. त्यात वस्तुस्थिती लिहावी लागते, तातडी का आहे ते दाखवावं लागतं. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात (काश्मीरचं इंटरनेट बंद केलं होतं ते) सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं की हे कलम लोकांचं कायदेशीर मत दाबायला वापरायचं नाही, एकामागून एक तेच आदेश काढत राहणं हा अधिकाराचा दुरुपयोग आहे आणि आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. शिवाय ज्याला त्रास होतोय तो त्याच दंडाधिकाऱ्याकडे आदेश रद्द करा किंवा बदला असा अर्ज करू शकतो, त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हा अर्ज कुणी करत नाही. करा. साध्या कागदावर होतो.

"पाच माणसं एकत्र आली की गुन्हा" हे जे सांगितलं तुम्हाला ते अर्धवट. जमावबंदीचा आदेश नसताना पाच काय पाचशे जमले तरी नुसतं जमणं गुन्हा नाही, नाहीतर आपली लग्नं आणि जत्रा सगळीच बेकायदा. भारतीय न्याय संहितेच्या १८९ मध्ये बेकायदा जमाव म्हणजे पाच किंवा जास्त माणसं आणि त्यांचा समान हेतू ठराविक प्रकारचा, बळाचा वापर करून सरकारला धमकावणं, कायद्याची अंमलबजावणी रोखणं, गुन्हा करणं, कुणाची मालमत्ता हिसकावणं, कुणाला जबरदस्तीने काही करायला लावणं. प्रकल्प नको असं माईकवरून सांगणं यात बसत नाही. बसवायला जातात तेव्हा वापरतात "कायद्याची अंमलबजावणी रोखणं", म्हणजे सर्व्हेवाले आले आणि लोकांनी त्यांना अडवलं, मशीनसमोर बसले. तिथे सभा संपते आणि दुसरं काहीतरी सुरू होतं, तिथला कायदा वेगळा, हे मनात पक्कं ठेवा. शेळ-मेळावलीला ६ जानेवारी २०२१ ला आयआयटीच्या जागेचं सर्वेक्षण होतं म्हणून पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले, लाठी चालली, अश्रुधूर सोडला, आणि नऊ दिवसांनी सरकारने प्रकल्प तिथून हलवायचं जाहीर केलं. लोक ते जिंकले असंच सांगतात आणि राजकीय अर्थाने जिंकलेच, पण कायद्याच्या अंगाने बघितलं तर सर्वेक्षण अडवणं आणि सभा घेणं या दोन गोष्टी कोर्टात एकाच मापाने मोजल्या जात नाहीत.

जमाव पांगवायचा हुकूम कोण देऊ शकतो? कार्यकारी दंडाधिकारी, किंवा पोलीस स्टेशनचा प्रभारी अधिकारी, तो नसेल तर पीएसआयच्या खालचा नाही असा कुणी. सुरक्षा संहितेचं कलम १४८, जुनं १२९. बेकायदा जमाव पाहिजे किंवा शांतता भंग होईल अशी शक्यता असलेला पाच किंवा जास्त जणांचा जमाव पाहिजे, आधी हुकूम, मग न ऐकल्यास बळ, आणि तेही लागेल तेवढंच. हुकूम मिळाल्यावर मात्र तिथे वाद घालत बसू नका, हुकूम चुकीचा असला तरी तो कोर्टात चुकीचा ठरवायचा, मैदानात नाही. कारण पांगा म्हटल्यावर थांबलात की स्वतंत्र गुन्हा होतो, आणि मग मूळ हुकूम बरोबर होता की नाही ही चर्चा मागे पडते. दिल्लीच्या रामलीला मैदानात २०११ च्या जूनमध्ये मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर पोलीस गेले, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर कडक ताशेरे मारले, बळाचा वापर चुकीचा होता म्हणाले, पण त्याच निकालात आयोजकांनाही जबाबदारी दाखवली होती. दोन्ही वाचायला हवं.

एक कारण हमखास देतात ते म्हणजे "दुसरे गटाचे लोक येतले, गडबड जातली, देखून तुमी बंद करा." म्हणजे धमकी देणारा वेगळा आणि गप्प बसायचं तुम्ही. १९८९ च्या एस. रंगराजन खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबणं म्हणजे धमकी देणाऱ्यांपुढे शरण जाणं, कायदा-सुव्यवस्था राखणं हे सरकारचं काम. तुम्ही आपल्या अर्जातच लिहून टाका की विरोधी गटाकडून अडथळ्याची शक्यता वाटत असेल तर पुरेसा बंदोबस्त द्यावा. चेंडू त्यांच्या कोर्टात जातो. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातल्या माजलगावला सीएएविरोधी धरण्याला परवानगी नाकारली तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने आदेश रद्द केला, एखाद्या कायद्याला विरोध करतात म्हणून लोकांना देशद्रोही म्हणता येत नाही असं म्हटलं. आपलं गोवा खंडपीठ त्याच हायकोर्टाचं, त्यामुळे हा निकाल इथे दाखवायला उपयोगी.

अर्थात पोलिसांचं सगळंच चुकतं असं मी म्हणणार नाही. दोन बाबतीत ते बरोबर असतात आणि लोकच आडमुठेपणा करतात. एक स्पीकर. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागतेच, रात्री दहा ते सकाळी सहा बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या शंभर मीटरमध्ये सरकारने जाहीर केलेलं असेल तर शांतता क्षेत्र. त्यात जत्रेच्या नाटकाला सूट आहे आणि आमच्या सभेला का नाही असं कुणीतरी म्हणतोच, तर सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगांना बारापर्यंत सूट राज्य सरकार देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस, प्रकल्पविरोधी सभा त्यात येत नाही. पाऊणशे माणसांच्या सभेला स्पीकर लागतोच कशाला, खरं तर? मोठ्याने बोला. स्पीकर नसेल तर परवानगीचा सर्वात सोपा मुद्दा पोलिसांच्या हातातून जातो.

दुसरं रस्ता आणि रेल्वे. रस्ता अडवला की भारतीय न्याय संहितेचं २८५, दंडाचं प्रकरण आहे पण शेवटी गुन्हा. शाहीन बाग निकालात ऑक्टोबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की विरोधाचा हक्क आहे पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. रेल्वेचं तर फारच कडक, रेल्वे कायद्याच्या १७४ मध्ये गाडी अडवली तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. चांदरला २०२० च्या नोव्हेंबरात दुपदरीकरणाविरोधात रात्रभर हजारो लोक रुळांवर होते, शांत होते, मेणबत्त्या वगैरे, तरी गुन्हे दाखल झालेच. शांत असणं वेगळं आणि रुळावर असणं वेगळं.

आणि भाषण. बोलताना "भायले" (बाहेरचे, परप्रांतीय) हा शब्द आपल्या सभांमध्ये किती सहज येतो. प्रकल्पाविरुद्ध बोला, मंत्र्याविरुद्ध बोला, पंचाने काय केलं ते सांगा, पण अमुक प्रांतातून आलेले लोक असे असे असतात असं सुरू झालं की सावध. न्याय संहितेच्या १९६ मध्ये धर्म आणि जातीबरोबर जन्मस्थान, निवास, भाषा हेही आहेत, त्यावरून तेढ वाढवली तर गुन्हा, आणि दखलपात्र. बिल्डरच्या वकिलाला याहून चांगली भेट नाही.

मडगावच्या लोहिया मैदानावर दरवर्षी १८ जूनला सरकारी कार्यक्रम होतो, मंत्री येतात, पोलीस सलामी देतात. १९४६ मध्ये त्या दिवशी लोहियांनी मडगावात जी सभा घेतली ती पोर्तुगीज सरकारच्या बंदीला न जुमानता, आणि अटक झाली. तुमच्या पीआयला हे ऐकवू नका, उगाच चिडतील, पण आपल्याला आठवलेलं बरं.

ग्रामसभेचं प्रकरण मात्र पूर्ण निराळं आहे आणि माझ्या मते तुमच्या तक्रारीतला सर्वात गंभीर भाग तोच. ग्रामसभा ही कुणी भरवलेली सभा नव्हे, गोवा पंचायत राज कायदा १९९४ खाली ती कायदेशीर संस्था आहे, पंचायतीच्या मतदार यादीत ज्याचं नाव तो तिचा सदस्य. सदस्याला तिथे बसायला कुणाची परवानगी लागत नाही, प्रश्न विचारणं हे त्याचं काम आहे. अध्यक्ष सरपंच, सभा चालवायची जबाबदारी त्याची. पोलीस तिथे सरपंचाचे रखवालदार म्हणून नसतात. सरपंचाने बंदोबस्त मागवला तर ते येऊ शकतात, गावात पूर्वी मारामारी झाली असेल तर यावंही, पण त्यांची जागा हॉलच्या बाहेर, आणि आत यायचं तर मारहाण, धक्काबुक्की, तोडफोड असं काही घडलं किंवा घडायच्या बेतात असलं तर. आवाज चढवणं म्हणजे शांतताभंग नव्हे. गोव्यातली ग्रामसभा हळू आवाजात झालेली तुम्ही पाहिलीय? कोण बोलणार, किती वेळ, कुठल्या विषयावर, हे पोलिसाने ठरवायचं नाही. बाहेरचा माणूस, म्हणजे मतदार यादीत नाव नसलेला, त्याला मात्र अध्यक्ष बाहेर जायला सांगू शकतो आणि न गेल्यास पोलिसांची मदत घेऊ शकतो, तेव्हा बाहेरचे कार्यकर्ते बोलवून ग्रामसभेत बसवायचं हे टाळा. त्यांना तुमच्या स्वतंत्र सभेला बोलवा.

त्या गृहस्थाला दंडाला धरून नेलं, तर तिथल्या तिथे काय करायचं होतं? इतिवृत्तात नोंदवायला लावायचं. "अमुक सदस्याला पोलिसांनी बाहेर नेले, अध्यक्षांनी तशी सूचना दिली होती की नाही" हे सचिवाने लिहिलं पाहिजे, आणि सरपंचाला दोनपैकी एक उत्तर द्यावंच लागतं, हो म्हटलं तर कारण विचारा, नाही म्हटलं तर पोलीस कुणाच्या सांगण्यावरून आले ते विचारा. अजूनही उशीर झालेला नाही, पुढच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त कायम करायचं येतं तेव्हा हरकत घ्या, लेखी, आणि कॉपी बीडीओला आणि पंचायत संचालनालयाला. शूटिंगचं म्हणाल तर शिपायाने मोबाईलवर करू नये असं थेट सांगणारं कलम दाखवता येणार नाही, पण ते कशासाठी आणि कुणाच्या आदेशाने केलं, क्लिप कुठे आहे, हे माहिती अधिकारात विचारता येतं. आणि तुमच्याकडेही मोबाईल आहेत. पोलीस सार्वजनिक ठिकाणी काम करताना त्यांचं चित्रीकरण करणं हा गुन्हा नाही, नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तर पोलीस स्टेशनसुद्धा शासकीय गुपिते कायद्याखालची प्रतिबंधित जागा नाही असं म्हटलंय. फक्त मोबाईल तोंडासमोर नाचवू नका, मग काम अडवलं म्हणून न्याय संहितेचं २२१ लावतात.

पर्यावरण दाखल्यासाठी काही प्रकल्पांची जाहीर सुनावणी होते (गृहप्रकल्पांना तिच्यातून सहसा सूट असते), तिचे नियम २००६ च्या ईआयए म्हणजे पर्यावरण परिणाम अधिसूचनेत आहेत. कमीत कमी तीस दिवसांची नोटीस, कलेक्टर किंवा अतिरिक्त कलेक्टर दर्जाचा अधिकारी अध्यक्ष, संपूर्ण व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं, आणि हजर असलेल्या प्रत्येकाला माहिती आणि खुलासा मागायची संधी. तिथे गेटवर आधार कार्ड बघून गावाबाहेरचे म्हणून माणसं परत पाठवली तर ते लगेच लिहून द्या, त्याच दिवशी. सीझेडएमपीची (किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याची) मार्च २०२१ ची सुनावणी लोकांना धड बोलू दिलं नाही या तक्रारींमुळे गाजली आणि जुलैमध्ये परत घ्यावी लागली. लेखी हरकती नसत्या तर हे झालं नसतं.

पुढची सभा कशी घ्यायची ते आता. परवानगीचा अर्ज करू नका, माहितीचं पत्र द्या, दोन्हीत फरक आहे. सभा कुठे, किती ते किती, साधारण किती माणसं, पार्किंग कुठे, रस्ता अडणार नाही, स्पीकर नाही किंवा आहे तर त्याची परवानगी जोडलीय, स्वयंसेवक दोन-चार जणांची नावं आणि नंबर. भाषणं कुणाची, विषय काय हे सविस्तर लिहायची गरज नाही. शेवटी एक ओळ: काही हरकत असल्यास कारणासह लेखी कळवावे. पीआयला, कॉपी डीवायएसपीला आणि डेप्युटी कलेक्टरला, सगळीकडे इनवर्डचा शिक्का घेऊन. स्टेशनात घेत नाहीत म्हणाले तर रजिस्टर एडी किंवा ईमेल. तीन-चार दिवस आधी द्या, आदल्या रात्री नको, मुद्दाम उशिरा दिलं असं म्हणायला जागा राहते. रस्त्यावरून मिरवणूक असेल तर मात्र लायसनचा प्रश्न येऊ शकतो, तिथे वेळ जास्त ठेवा. निवडणूक जाहीर झालेली असेल तर हे सगळं बदलतं, आचारसंहितेत वेगळ्या परवानग्या आणि मतदान संपायच्या आधीचे ४८ तास निवडणुकीसंबंधी सभाच नाही.

लेखी नकार आला तर तो घेऊन पर्वरीला या. सभेची तारीख जवळ असेल तर कोर्ट लवकर ऐकतं. पण हातात नकाराचा कागद लागतो, किंवा निदान इनवर्ड केलेलं पत्र आणि त्यावरचं मौन.

कुणाला उचललंच तर: नाव सांगा, पत्ता सांगा, कोऱ्या कागदावर सही नको. अटकेचं कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं हे त्यांच्यावर बंधनकारक. सूर्यास्तानंतर बाईला अटक सहसा नाही, अपवादात्मक असेल तर महिला अधिकाऱ्याने आणि मॅजिस्ट्रेटच्या आधी घेतलेल्या परवानगीने. सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली खबरदारीची अटक करतात, जुनं १५१, ती दखलपात्र गुन्ह्याचा बेत असेल आणि दुसऱ्या कुठल्याच मार्गाने टाळता येत नसेल तर, आणि चोवीस तासांपुरती. याच नव्या संहितेत १७२ आलंय, पोलिसाचा कायदेशीर निर्देश न पाळणाऱ्याला बाजूला नेता येतं, ताब्यात घेता येतं, आणि किरकोळ प्रकरणात चोवीस तासांच्या आत सोडायचं. हे कलम मला आवडत नाही, फार ढिलं आहे, स्टेशनांमध्ये त्याचा वापर वाढणार असं दिसतंय. पण त्यातही "कायदेशीर" निर्देश असंच आहे, तेवढा धागा पकडून ठेवायचा. वकील नसेल तर १५१०० वर कायदा सेवा प्राधिकरणाला फोन करा.

राहिली ती नोटीस. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून ती सुरक्षा संहितेच्या १२६ ची आहे, जुनं १०७, ज्याला आपण चॅप्टर केस म्हणतो. हा गुन्हा नव्हे, शिक्षाही नव्हे, शांतता राखायचा बाँड का घेऊ नये याचं कारण दाखवा एवढंच. तरी दुर्लक्ष करू नका, तारखेला हजर राहा, नाही गेलात तर वॉरंट निघतं आणि साध्या गोष्टीचं उगाच वाढतं. नोटिशीबरोबर १३० खालचा लेखी आदेश हवा ज्यात तुमच्याविरुद्ध नेमकी माहिती काय आहे त्याचा सारांश असतो. सायक्लोस्टाईल केल्यासारखा छापील फॉर्म आणि त्यात नुसती नावं भरलेली असतील तर पहिली हरकत तिथेच, मधू लिमये प्रकरणात १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने या आदेशात मजकूर असलाच पाहिजे हे सांगितलंय. "ग्रामसभेत मोठ्याने बोलला" एवढंच असेल तर उत्तरात ग्रामसभेचं इतिवृत्त आणि मतदार यादीतलं नाव जोडा. आणि घाईघाईत तिथल्या कारकुनाने "सही करा, संपलं" म्हटलं म्हणून बाँडवर सही करू नका, बाँड घातला की पुढे वर्षभरापर्यंत प्रत्येक सभेच्या आधी तो दाखवून फोन येईल.

शिपायाने हात लावला त्याची तक्रार पणजीला राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे करता येते, पण तिथे वेळ लागतो आणि ग्रामसभेतल्या साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं आत्ताच करून ठेवली तर पुढे कामाला येतील. नोटिशीची तारीख कुठली आहे ते कळवा, आणि दोघांच्या नोटिशीतला मजकूर एकसारखाच आहे का तेही बघा.